लॉकर 160

प्रिय बंड्या,

सहा महिने तुझ्या मेसेजला नुसते अंगठे पाठवतोय. शिव्या घाल, पण आधी हे वाच. बायकोला सांगून झालं. ती म्हणाली, "तू काय त्या कंपनीचा मालक आहेस?" बरोबर आहे तिचं.

बाणेरचं काम मिळाल्याचं कळवलं होतं ना? दोन कंपन्या एक होतायत, त्यांना एका मजल्यावर बसवायचंय. एक भोसरीची, जुनी. पाच फुटी टेबलं, काचेखाली देवांचे फोटो, एकच्या ठोक्याला सगळ्यांचे डबे एकत्र. दुसरी पोरासोरांची. चार फुटी टेबलं, जागा कुणाचीच ठरलेली नाही, हजेरी आठवड्यातून तीन दिवस. पहिलं भांडण कशावरून? चहावरून! एकांना मावशींचा आल्याचा हवा, दुसऱ्यांना मशीन. मी दोन्ही एकाच ओट्यावर, मजल्याच्या मधोमध ठेवलं. वर अमेरिकी प्राध्यापक थॉमस अ‍ॅलनचा तो 1970 च्या दशकातला आलेख दाखवला. पन्नास मीटरच्या पलीकडे बसलेली माणसं एकमेकांशी फारसं बोलतच नाहीत, तो. (हो, सरांच्या त्या तासाला तू जागा होतास, मी नव्हतो.) सगळे खूश.

मग यादी आली. माणसं 212, टेबलं 140. चालेल, आलटून पालटून बसतील. पण लॉकर 160. अरे, टेबल वाटून घेता येतं, लॉकर नाही. ज्याचं हेल्मेट त्याचा लॉकर. मला वाटलं, टायपिंगची चूक. विचारलं तर एचआरच्या बाई म्हणाल्या, "तेवढेच धरा," आणि पान उलटलं.

म्हणजे 52 माणसं. त्यांना अजून पत्ता नाही आणि मला, फर्निचरवाल्याला, माहीत.

परवा भोसरीत मापं घ्यायला गेलो होतो. अकाउंट्समधल्या एका काकांनी टेपचं दुसरं टोक धरलं. काम झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, आमचं टेबल खिडकीशी बघा हं, डोळ्यांना त्रास होतो." मी म्हटलं, "बघतो काका." काय बघतो, डोंबल!

तेव्हा तुझे बाबाच आठवले. 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, त्या आठवड्यात ते टेबलाची काच वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षातून घरी घेऊन आले होते. आपण हसलो होतो. नोकरी शाबूत होती, तरी काच आणली. ती अजून आहे का रे?

कॉलेजात थर्ड इयरच्या ज्युरीनंतर, परीक्षकांनी आपली कामं तपासल्यावर, तू म्हणाला होतास, "तू खुर्च्या काढतोस, बसणारा काढत नाहीस." आठ दिवस बोललो नव्हतो मी तुझ्याशी. थर्माकोलचं मॉडेल मात्र तूच तोडलंस, हे आजही सांगतो.

माझं बीपी ठीक. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? नव्या घराचे फोटो पाहिले, छान आहे. बाल्कनी बंद करू नकोस.

सोमवारी बीओक्यू (कुठलं सामान किती लागेल त्याचा तक्ता) द्यायचाय. बाकी सगळं भरलंय, लॉकरचा रकाना तेवढा कोरा आहे. रविवारी रात्री फोन कर, दहानंतर.

तुझा,
पक्या