आजीच्या तंबोऱ्याविषयी

मिरज

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं आणि तंबोराही सुखरूप पोचला. 'आजीचा तंबोरा रिस्टोअर करून घे' असं तू लिहिलंस, तेच मी सतारमेकर गल्लीत सांगितलं. तिथल्या कारागीर चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तारांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पूर्वीसारखा दिसायला हवा, का वाजायला?" या प्रश्नाचं उत्तर तूच द्यायचं आहेस. माझं मत मात्र आधी सांगतो, आणि त्यासाठी जरा त्या क्रियापदाच्या घरी जाऊन येतो. तुला ते आवडेल.

रिस्टोअर इंग्रजीत आलं ते सुमारे १३०० साली, जुन्या फ्रेंचमधून. मूळ लॅटिन 'रेस्टाउरारे', म्हणजे पुन्हा उभारणं. त्याच्या पोटात उभं राहण्याचा तोच प्राचीन धातू आहे, जो संस्कृतात 'स्था' झाला. आपली स्थापना त्याच गोतातली. इंग्रजीत त्याचे अर्थ फुटत गेले: हिरावलेलं ज्याचं त्याला परत देणं, ढासळलेलं उभं करणं, आजाऱ्याला बरं करणं. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर आला, त्याला रिस्टोरेशन म्हणतात. गादी वारसाला परत मिळाली आणि मोडीत निघालेली राजेशाहीही उभी राहिली. रेस्टॉरंटही याच घरातलं. पॅरिसमध्ये अशक्तांना ताकद यावी म्हणून देत त्या कढणाला हे नाव होतं, पुढे ते मिळण्याच्या जागेला चिकटलं.

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते त्याचं भावंड, 'इन्स्टाउरारे'. रोमन लोकांच्या धर्मविधीत किंवा देवांसाठीच्या खेळांत काही चुकलं, खंड पडला, तर तेवढाच भाग सावरून घेत नसत. अख्खा विधी पहिल्यापासून पुन्हा करत. त्या पुन्हा करण्याला हे क्रियापद होतं. म्हणजे या कुळात मागे जाण्याइतकीच, किंबहुना जास्तच, नव्यानं मांडण्याची ओढ आहे.

आता तंबोऱ्याकडे ये. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारांनी खोल चऱ्या पाडल्यात. जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याच्या बारीक उतारामुळे येणारी ती गुंजन, पार बसली आहे. जवारी जपून ठेवता येत नाही रे. घोडीचा माथा कानसेनं घासून पुन्हा उतार द्यायचा, तार लावायची, तारेखालचा दोरा सरकवत ऐकायचं, पुन्हा घासायचं. प्रत्येक वेळी जुनं थोडं झिजवूनच आवाज मोकळा होतो. भोपळ्याला देठाजवळ तडा आहे, तो आतून सांधता येईल. भोपळा बदलायची गरज नाही, असं चाचा म्हणतात. खुंट्या दोन बदलाव्या लागतील. पॉलिश मात्र पूर्ण खरवडू नये असं मला वाटतं. आजींचा हात जिथे टेकायचा तिथला रंग उडाला आहे, तो तसाच राहू दे. लखलखीत करून दिवाणखान्यात उभा करायचा असेल तर तेही इथे उत्तम होतं, पण मग तो वाजणार नाही, आणि आजींना ते चाललं नसतं.

इथली ही वाद्यं घडवणारी माणसं मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं दरवर्षी होतं.

तंबोरा न्यायला तू स्वतःच ये. सांधलेला भोपळा पार्सलनं पाठवायला मी धजत नाही. येताना आजी कोणत्या पट्टीत गायच्या ते वहिनींना विचारून ये, त्याप्रमाणे तारा निवडायच्या आहेत. पहिली तार पंचमाला लावायच्या का मध्यमाला, तेही त्यांना आठवत असेल तर विचार.

तुझा,
मिरजकर मित्र