झाडांइतकाच बसचाही विचार व्हावा

विद्यापीठांचे आवार हरित करण्याविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. वृक्षारोपणाचा आग्रह योग्यच आहे. पण मुले तिथवर येतात कशी, हा प्रश्न त्यात राहून गेला. सोलापूर विद्यापीठ शहराबाहेर केगावला, पुणे महामार्गालगत आहे. तासाच्या वेळेला सिटी बस नसेल, तर मुले दुचाकीच काढणार. त्यांना दोष कसा द्यायचा? आणि भरधाव ट्रकच्या शेजारून सायकल चालव, असे कोणत्याही पालकाला सांगवणार नाही. म्हणून विद्यापीठ व महापालिका परिवहन यांनी एकत्र बसून तासांच्या वेळापत्रकाशी जुळणाऱ्या फेऱ्या आखाव्यात. सायकली फाटकापासून विभागांपर्यंत ठेवाव्यात. त्या वाटेवर कडुलिंबाची सावली मात्र हवीच, कारण एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० अंशांपुढे जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालामुळे पर्यावरण हा विषय पुढे पदवीला सक्तीचा झाला. त्याचा प्रकल्प अनेकदा आदल्या रात्री दुसऱ्याच्या वहीवरून उतरवला जातो. त्याऐवजी किती दुचाक्यांवर एकटाच स्वार येतो, हे विद्यार्थ्यांनी फाटकावर उभे राहून मोजावे आणि ते आकडे बसफेऱ्या ठरवणाऱ्यांच्या हाती द्यावेत.

– एक पालक, जुळे सोलापूर