‘स्टँड!’मधला बेस कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या अमेरिकी वाद्यवृंदाच्या ‘स्टँड!’ या अल्बमवरचा लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्यात त्यांचे बेस गिटारवादक लॅरी ग्रॅहम यांचे नाव शोधत राहिलो. ते लेखात कुठेही नाही. वाद्यवृंदाचे प्रमुख स्लाय स्टोन यांच्या प्रतिभेविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते मला मान्यच आहे. परंतु मे १९६९ मधल्या या अल्बमने सोल आणि सायकेडेलिक रॉक या दोन संगीतशैली कशा एकत्र आणल्या हे सांगताना पेडलने सूर वळवणारी वा-वा गिटार, ‘सेक्स मशीन’ या वादनाची तेरा मिनिटे आणि वुडस्टॉक संगीत महोत्सवातली पहाट यांवर पाऊण पान खर्च करायचे, आणि हे सारे ज्या बेस गिटारवर उभे आहे तिच्यासाठी एक ओळही ठेवायची नाही, हे मला सहन झाले नाही.

ग्रॅहम तरुणपणी आपल्या आईच्या साथीला वाजवत. ड्रमवादक उरला नाही, तेव्हा बास ड्रमच्या जागी अंगठ्याने तार ठोकायची आणि स्नेअर ड्रमच्या जागी बोटाने ती ओढून सोडायची, अशी रीत त्यांनी बसवली. पुढे फंक या ठेकेदार संगीतप्रकाराची बोली तीच झाली. मात्र याच अल्बममधल्या ‘एव्हरीडे पीपल’मध्ये त्यांचा बेस जवळजवळ संपूर्ण गाणे एकाच सुरावर ठाम राहतो. असे राहायला किती संयम लागतो, हे बेस वाजवणाऱ्यालाच विचारावे.

मी स्वतः अकरा वर्षे ऑर्केस्ट्रात बेस वाजवला आहे. ही रेकॉर्ड एका मित्राच्या भावाने बोटीवरून आणली होती आणि गिरगावातल्या त्यांच्या खोलीत आम्ही ती कितीदा ऐकली याची गणती नाही. त्याच वर्षी गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात, दुसऱ्या अंतऱ्याला मी नेहमीची धावपळ सोडून एकच सूर धरून ठेवला. ढोलकी आणि तुंबा एकदम मोकळे वाटू लागले, गायिकेने वळून माझ्याकडे समाधानाने पाहिले. मध्यंतरात संयोजकांनी मात्र सगळ्यांसमोर विचारले, ‘हात दुखतोय का? पैसे तर पूर्ण घेतोस!’ मी उत्तर देऊ शकलो नाही. त्यानंतर निवेदक कोरसपर्यंत सर्वांची नावे घेत असे, बेसवाल्याचे कधीच नाही. इतक्या वर्षांनी आपल्या वृत्तपत्रानेही तेच करावे, याचे मला मनापासून दुःख झाले.

छायाचित्राखालच्या ओळीत सिंथिया रॉबिन्सन यांना ‘सहगायिका’ म्हटले आहे, तेही दुरुस्त व्हायला हवे. त्या ट्रम्पेटवादक होत्या. काळे आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष एकाच मंचावर बरोबरीने वाजवतात, हेच तर सॅन फ्रान्सिस्कोच्या या वाद्यवृंदाचे वैशिष्ट्य होते, आणि आपण नेमके त्या स्त्रीच्या हातातले वाद्य काढून घेतले.

येत्या रविवारी या दोन्ही नावांसह दुरुस्ती छापावी, ही विनंती. लेखकमहाशयांनी याच अल्बममधले ‘सिंग अ सिंपल साँग’ एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकावे. मोबाइलवर ऐकले असेल, तर त्यातला बेस त्यांच्या कानापर्यंत पोहोचलाच नसेल.

आपला,
एक निवृत्त बेसवादक, ठाणे