पलंग, दोन खुर्च्या आणि खुशाली

आम्स्टरडॅम

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, चित्रकार व्हॅन गॉगच्या रेखाटनाचा फोटो बघून तुम्ही फोनवर म्हणालात, "यात बघायचं काय? एक पलंग नि दोन खुर्च्या!" ऑफिसच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

फ्रान्समधल्या आर्ल गावातून १६ ऑक्टोबर १८८८ ला त्याने भावाला, थिओला, जे पत्र लिहिलं, त्यातलं हे रेखाटन. तेव्हा तो आपल्या झोपायच्या खोलीचं मोठं चित्र रंगवत होता, ते कसं असेल हे दाखवायला काढलेलं. खोलीत माणूस नाही, म्हणून बरेच जण याला एकटेपणाचं चित्र म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच पत्रात तो लिहितो, की ही खोली बघून डोक्याला विसावा मिळाला पाहिजे आणि फर्निचरच्या भक्कमपणातूनही तो जाणवला पाहिजे. आता पलंगाची पायाकडची फळी बघा, किती जाडजूड काढलीय! लोखंडी खाट न घेता त्याने मुद्दाम खेड्यातला रुंद लाकडी पलंग घेतला होता. मागची भिंत तिरकी दिसते, ती चूक नव्हे. घराचा कोपराच तसा होता. डावीकडचं दार पाहुण्याच्या खोलीचं. आठवड्याभरात त्याचा चित्रकार मित्र गोगँ तिथे राहायला आला. आणि आई, या घरासाठी एकट्या माणसाने १२ खुर्च्या घेतल्या होत्या!

पैसे सगळे थिओचे. चित्रं विकली जात नव्हती, भाऊच खर्चाला पाठवायचा. म्हणून मला हे रेखाटन म्हणजे घरी कळवलेली खुशाली वाटते: बघ, तू दिलेल्या पैशांत पलंग आला, खुर्च्या आल्या, माझं ठीक चाललंय. इथे खोली घेतल्यावर मी तुम्हाला आधी शेगडीचा आणि गादीचा फोटो पाठवला होता, तो याचसाठी.

पुढच्या वर्षी तो सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, आर्लचं घर सुटलं होतं. तरी तिथे त्याने याच खोलीचं एक लहान चित्र आई आणि बहिणीसाठी रंगवलं. आईला दाखवायला त्याने हीच खोली निवडली, हे मला फार मोठं वाटतं. ते चित्र आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. आर्लमध्ये रंगवलेलं पहिलं, मोठं चित्र मात्र इथे आम्स्टरडॅमच्या संग्रहालयातच आहे. तुम्ही आलात की आपण तिघं बघायला जाऊ. आई, गुडघ्यांची काळजी करू नकोस, तिथे लिफ्ट आहे.

तुमची,
अनघा