विषय: ‘फुल माउथ रीहॅब’ची नाकारलेली वॉरंटी आणि न दिलेली फाइल

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, पुणे

आत्ताच आपल्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. यापुढे फोनवर बोलणार नाही. शाखेत सांगून झालं, ईमेल करून झालं, शाखा व्यवस्थापकांनी ‘वर कळवतो’ म्हणूनही बरेच दिवस झाले. म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

2019 साली आपल्या इंदूर शाखेत मी संपूर्ण तोंडाचं काम करून घेतलं. वरचे-खालचे मिळून 20 दात, काही सुट्या कॅप्स आणि काही पूल, म्हणजे गेलेल्या दाताची जागा भरायला शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेले जोडदात. ते का करावं लागलं हे आपल्याच डॉक्टरांनी केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहिलं आहे : झोपेत दात खाण्याची जुनी सवय, दात झिजून आखूड, चाव्याची उंची कमी झालेली. त्या कागदाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. ही ओळ कृपया लक्षात ठेवा.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी उसळ-पोहे खाताना वरचा डावा पूल निखळून जिभेवर आला. दंतवैद्यांच्या मोजणीत 22 ते 24 नंबरचा, मधला 23 म्हणजे सुळा नसलेला. बेसिनपाशी जाऊन तो उलटा करून पाहिला. 24 च्या कॅपमध्ये माझ्या दाताचा वरचा सगळा भाग तुटून तसाच बसला होता. मधोमध मुळात रोवलेली पोस्टची काडी, भोवती तपकिरी, भुसभुशीत झालेला दात. टाचणीने टोचलं तर टाचणी आत गेली. वास असा की बायको दारातून मागे सरली. हिरडीच्या वर त्या दाताचं काही शिल्लक नाही. ‘स’ म्हणताना हवा सुटते. गणपतीत आमच्या कॉलनीत अथर्वशीर्षाची आवर्तनं मी सांगतो, यंदा ते दुसऱ्याकडे द्यावं लागलं.

सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कॅपच्या कडेखालून कीड शिरली होती आणि एवढी खोल जायला तिला बराच काळ लागलेला आहे, हे काही एका रात्रीत होत नाही. रूट कॅनल केलेल्या दाताला कॅप बसवायची तर हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरलेला असावा लागतो, कॅपची पकड त्यावर असते. पोस्टमुळे मुळाला बळकटी येत नाही, ती फक्त वरचं भरण धरून ठेवते. सुळा गेलेला असताना त्याच्या जागेचा पूल एका बाजूला बारीक 22 आणि दुसऱ्या बाजूला रूट कॅनल झालेला 24 यांच्याच आधारावर टाकणं मुळात जोखमीचं, कारण जबडा बाजूला सरकतो तेव्हाचा आडवा ताण सुळ्याच्या जागेवर येतो. त्यात रुग्ण रात्री दात खाणारा. हे आपल्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

आता आजचा फोन. तो सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्याचं रेकॉर्डिंग असेल तर आपण ते ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मॅडम आल्या. रुग्ण क्रमांक विचारला, सांगितला. मोबाइल नंबर विचारला, सांगितला. मग पुन्हा रुग्ण क्रमांक. मग म्हणाल्या, ‘सर, आपला क्लेम रिजेक्ट झाला आहे.’ कारण विचारलं. ‘आपल्याला रात्री दात खाण्याची सवय आहे, त्या केसमध्ये वॉरंटी लागू होत नाही.’ मी म्हटलं, मॅडम, त्या सवयीमुळेच तर हे काम केलं. माझे दात झिजले नसते तर एवढा खर्च कशासाठी केला असता? त्या म्हणाल्या, ‘कार्डाच्या मागे अट लिहिली आहे, नाइट गार्ड वापरला नाही तर वॉरंटी रद्द.’ मी म्हटलं, नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, मला मिळालाच नाही. एस्टिमेटमध्ये तो ‘समाविष्ट’ होता, मी पैसे भरले, विचारायला गेलो की ‘लॅबमधून यायचाय’ म्हणायचे, मग ते डॉक्टर शाखा सोडून गेले आणि नव्यांना काही माहीतच नव्हतं. त्यावर किबोर्डचा आवाज, आणि मग उत्तर : ‘सिस्टममध्ये डिलिव्हर्ड दाखवत आहे, सर.’

मी म्हटलं, माझी सही दाखवा. ‘सही आमच्याकडे दिसत नाही.’ मग डिलिव्हर्ड कशावरून? ‘सिस्टममध्ये आहे, सर.’ एव्हाना माझा आवाज चढला होता हे कबूल, पण शिवी एकही दिली नाही. मी विचारलं, माझा दात गेला, त्याचं काय? आणि त्या बाई हिंदीत म्हणाल्या, ‘सर, दाँत तो आपके ही हैं ना, कंपनी के थोड़े ही हैं.’

त्यानंतर त्यांनी मला वयाची आठवण करून दिली, इम्प्लांटच्या नव्या पॅकेजवर सणाची सवलत सांगितली आणि ‘आणखी काही मदत करू शकते का’ असं विचारलं. मी फोन ठेवला. ती मुलगी कागदावरचं वाचत होती, तिच्यावर माझा राग नाही. तो कागद ज्याने लिहिला त्याच्यावर आहे.

माझी नोकरी पिथमपूरच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात झाली. वस्तू तुटते, हे मला कोणी शिकवायला नको. आपल्या क्षेत्राचे आकडेही मी पाहिले. दातांवर टाकलेल्या पुलांच्या अभ्यासांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा सांगतो की दहा वर्षांनी सुमारे 89 टक्के पूल तोंडात टिकलेले असतात, पण कसलीही तक्रार न येता टिकलेले सुमारे 71 टक्केच. सुट्या सिरॅमिक-धातूच्या कॅप्स पाच वर्षांनी सुमारे 95 टक्के टिकतात. आकडे चांगले आहेत. पण 20 दातांच्या कामात प्रत्येकी पाच टक्के धोका धरला तर पाच वर्षांत सरासरी एक तरी दात दगा देणार, हा साधा हिशोब आहे. शिवाय दात खाणारे रुग्ण अशा अभ्यासांतून अनेकदा आधीच वगळलेले असतात. म्हणजे माझ्यासारख्याच्या तोंडात काही ना काही बिघडणार हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. मग त्यासाठीची व्यवस्था कुठे होती?

तपासणीला मी येत होतो. आरशाने बघायचे, पॉलिश करायचे, ‘सगळं मस्त आहे’ म्हणायचे. कॅपखालची कीड आरशाला दिसत नाही, त्याला एक्स-रे लागतो. पुलांखालचा एक्स-रे आपल्या शाखेत एकदाही काढला गेला नाही. पुलाखालून दोरा कसा ओवायचा, दातांमधला बारीक ब्रश कोणत्या मापाचा घ्यायचा, हे मला सरकारी महाविद्यालयातल्या शिकाऊ मुलीने दाखवलं. पाच मिनिटं लागली. इतकी वर्षं आपल्याकडे कोणालाच ती पाच मिनिटं मिळाली नाहीत.

चाव्याची उंची वाढवल्यावर तात्पुरत्या कॅप्सवर काही आठवडे काढायचे, जबड्याला ती उंची सोसते का ते बघायचं आणि मगच कायमच्या बसवायच्या, असं आपल्याच माहितीपत्रकात छापलं आहे. माझ्या तात्पुरत्या कॅप्स जेमतेम बसल्या होत्या तोच कायमच्या तयार असल्याचा फोन आला. मी खुश झालो होतो, काम लवकर होतंय म्हणून. पण ‘थांबा’ म्हणणं तुमचं काम होतं. पैसे त्याचेच घेतले होते.

आणि पुन्हा तेच लिहितो, कारण फोनवर ते कोणी ऐकूनच घेतलं नाही : ज्या सवयीसाठी उपचार विकला, तीच सवय दाखवून वॉरंटी नाकारता येणार नाही. आणि जो नाइट गार्ड दिला नाही, तो वापरला नाही म्हणून तर मुळीच नाही.

मला सगळ्यात जास्त दुखतंय ते फाइलचं. उरलेलं काम आता दुसरीकडे करून घ्यायचं, तर नव्या डॉक्टरांना कळायला हवं की कोणत्या दातावर झिरकोनिया आहे आणि कोणत्यावर सिरॅमिक-धातू. दोन्ही कापायची, दुरुस्त करायची पद्धत वेगळी आहे. सिमेंट कोणतं, शेड (दाताची रंगछटा) कोणती, लॅब कोणती, उंची किती वाढवली, सुरुवातीचे एक्स-रे आणि साचे कुठे आहेत? शाखेत उत्तर मिळालं, ‘जुना डेटा नवीन सॉफ्टवेअरमध्ये आला नाही.’ आमच्या कारखान्यात एक साधा बोल्ट तुटला तरी तो कोणत्या लॉटचा हे संध्याकाळपर्यंत कळायचं. माणसाच्या तोंडात कायमचं काय बसवलं हे तुम्हाला सांगता येत नाही, पण न दिलेला नाइट गार्ड ‘डिलिव्हर्ड’ आहे हे मात्र सांगता येतं.

माझ्या भरवशावर देवासची मेहुणी आपल्याकडे आली. रामबागेतले माझे दोन मित्र आले. त्यांना मी आता काय सांगू?

मला हवं ते असं. संपूर्ण फाइल, एक्स-रेसह, लेखी. नाइट गार्ड दिल्याची माझी सही दाखवा, नसेल तर तशी नोंद चुकीची असल्याचं लिहून द्या. वरच्या डाव्या पुलाचे पैसे परत करा आणि 24 काढून ती जागा भरून घेण्याचा खर्च द्या, काम मी माझ्या पसंतीच्या डॉक्टरांकडे करीन. उरलेल्या सगळ्या कॅप्स आणि पुलांचे एक्स-रे कंपनीच्या खर्चाने, बाहेरच्या केंद्रात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला यावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आजच नोंदवतो आहे. तुटलेला पूल आतल्या दातासकट डबीत जपून ठेवला आहे, आयोगापुढे तोच ठेवीन.

मला सवलतीचे मेसेज पाठवू नका. फोन करू नका. उत्तर कागदावर, जबाबदार माणसाच्या सहीने पाठवा.

रुग्ण क्रमांक आणि पत्ता आपल्या नोंदीत आहे. बिलं, एस्टिमेट, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू आणि नव्या एक्स-रेची प्रत सोबत जोडली आहे.

आपल्या इंदूर शाखेचा रुग्ण,
सुदामा नगर, इंदूर