क्रेडिट खात्यात आहेत, पण घेणार कोण?

संपादक साहेब,

माझ्या पोरीनं सेकंड इयरला कॉलेज बदललं, दोन्ही सरकारीच बरं का, तिचे पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या पेपरांचे श्रेयांक, डिजिलॉकरमध्ये व्यवस्थित दिसतायत, तरी नव्या कॉलेजातले क्लार्क म्हणतात आमच्याकडे या नावाचा पेपरच नाही, परत द्या. तिकडे 'पर्यावरण अभ्यास', इकडे 'पर्यावरण शिक्षण', एवढ्यावरून अख्खा पेपर पुन्हा? युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2021 मध्ये विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली ती यासाठीच ना, क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं टिकतात आणि निदान निम्मे डिग्री देणाऱ्या संस्थेत केले की बाकीचे बाहेरचे चालतात असा नियम आहे. पण पासबुकात पैसे दिसतात आणि काउंटरवर कोणी देत नाही, अशी गत. मेजर, म्हणजे मुख्य विषयाचं एकवेळ समजू शकतो, तिथे सिलॅबस जुळायलाच हवा, पण सगळ्यांना कॉमन असलेले हे 2-2 क्रेडिटचे पेपर अडवून काय मिळतं? कुठला पेपर कशाच्या बदल्यात चालेल याची यादी युनिव्हर्सिटीनं ॲडमिशनच्या आधी लावावी, फी भरून झाल्यावर नाही.

- एक वैतागलेला पालक