माग थांबवून गोष्ट ऐकणाऱ्या मामांस

सोलापूर

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

आपले शिक्षण तेलुगू माध्यमात झाल्यामुळे हे पत्र आपली नात आपल्याला वाचून दाखवील. मुलांचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होऊन पंधरा दिवस झाले, तरी आपल्या शेडमधली ती दुपार आठवली की माझा गळा अजून दाटून येतो. समोर उभे राहून हे सांगणे मला जमले नसते, म्हणून लिहीत आहे.

दहावीच्या बावीस मुलांनी एखादी पौराणिक कथा स्वतःच्या शब्दांत लिहून रंगमंचावर सांगावी, असे आम्ही ठरवले होते. पण उन्हाळ्याची सुट्टी कथा निवडण्यातच गेली. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी विवाह झालेल्या कुंभारकन्येची कथा मुलांनीच सुचवली होती. मात्र ती कथा आपले अवघे शहर संक्रांतीच्या अक्षता सोहळ्यात नंदीध्वजांसह दरवर्षी स्वतःच सांगते, आणि त्या सोहळ्यापुढे आमचे शब्द तोकडे पडले असते. मग मार्कंडेयाचे नाव निघाले. सल्ला घेण्यासाठी मी मुलांसह दोन जाणकारांकडे गेले. त्यांपैकी एकांनी मुलांची वही उघडलीसुद्धा नाही. ‘रामायणातले काहीतरी घ्या, लोकांना ओळखीचे वाटेल,’ एवढे सांगून ते उठले. दुसऱ्यांनी, या मुलांच्या मराठीत तेलुगू डोकावते, तेव्हा कथाकथनापेक्षा नाच बसवावा, असे मुलांच्या देखत सुनावले. ज्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांत तेलुगू बोलली जाते, त्या वर्गाने ते ऐकून घेतले आणि त्यानंतर आठ दिवस एकाही मुलाने वहीला हात लावला नाही. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपल्याकडे मी आले होते ती केवळ नातीची वही परत देण्यासाठी. आपण सहज चौकशी केलीत आणि मागांच्या खडखडाटात मी मार्कंडेयाची कथा ओरडून सांगू लागले. आपण हात वर करून मला थांबवलेत, आधी एक माग बंद केलात आणि मग दुसरा. मजुरी विणलेल्या टॉवेलांवर मिळते, थांबलेल्या मागाचे पैसे कोणी देत नाही, हे मला ठाऊक असल्यामुळे मी घाईने ‘राहू द्या, नंतर येते’ म्हटले. त्यावर आपण म्हणालात, ‘गोष्ट ओरडून सांगायची नसते, बाई.’ मग कांड्यांच्या उपड्या खोक्यावरची कापसाची भुकटी पंच्याने झटकून मला बसायला दिलेत आणि स्वतः जमिनीवर बसलात. आपल्या भुवयांवर पांढरे तंतू अडकलेले होते. आपले पुढचे बोलणे अनमोल होतेच, परंतु ते दोन माग एकापाठोपाठ शांत झाले, तो क्षण मी कधीही विसरणार नाही.

मृकंडू ऋषी आणि मरुद्वती यांनी दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्राऐवजी अल्पायुषी गुणी पुत्र मागितला, येथपासून शिवलिंगाला मिठी मारलेल्या मुलावर पडलेल्या यमपाशापर्यंतची सारी कथा आपण मध्ये एकदाही न बोलता ऐकलीत. मग म्हणालात, ‘तुमची गोष्ट सोळाव्या वर्षी संपते. आम्हा पद्मशाली विणकरांची तिथून पुढे सुरू होते.’ आणि मार्कंडेयाच्या पुत्राने, भावनाऋषीने, कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणल्याची कथा सांगता सांगता आपण मागावरचे तुटलेले सूत बोटांत धरलेत. ‘यमाचा पाश हेही सूतच आणि देवाचे वस्त्र हेही सूतच,’ एवढेच बोललात.

आम्ही शोधत होतो तो विषय तेथे सापडला. मृत्यू टळला, हे आम्ही कथेचे टोक समजत होतो; वाचलेल्या मुलाने मिळालेल्या आयुष्यात काय केले, हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. महाभारताच्या वनपर्वात हाच मार्कंडेय वनवासातल्या युधिष्ठिराला कथा सांगतो, आणि यमाकडून पतीचे प्राण परत आणणाऱ्या सावित्रीची कथाही त्याच्याच मुखी आहे. हे सारे मी वाचलेले होते, पण त्याला एका धाग्यात ओवण्याची दृष्टी मला आपल्यामुळे मिळाली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ही कथा आपली वाटली. त्यांनी घरोघरचे वाया गेलेले सूत आणून पाशाचा दोर वळला आणि प्रयोगाच्या शेवटी तोच दोर उलगडून त्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा लावला. भावनाऋषीचा भाग आपल्या नातीने तेलुगूतून सांगितला, तेव्हा सभागृहात कोणीही हसले नाही.

शिकलेल्या माणसांची या शहरात वाण नाही, मीही त्यांच्यातलीच. तरीही समोरच्याचे बोलणे पुरते ऐकता यावे म्हणून हातातली कमाई बाजूला ठेवणारा सज्जनपणा मला आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये भेटला. त्या वेळेची मजुरी मी देऊ केली, तेव्हा आपण रागावलात. ती माझी चूक होती, क्षमा असावी.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघेल, तेव्हा ही बावीस मुले आपल्याबरोबर चालणार आहेत. तो ताणा त्यांनी शाळेत ठेवू दिला नाही. सोडवून थोडे थोडे सूत प्रत्येकाने घरी नेले आहे. नातीने तिचा वाटा आपल्याला दाखवला असेलच.

आपली कृतज्ञ,
नातीच्या वर्गशिक्षिका